इम्पेलरचा, म्हणजे टाकी ढवळणाऱ्या पंख्याचा डेमो बघायला जाताय? खिशात पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ठेवा

टाकीत हवा किंवा गॅस मिसळणारे, म्हणजे फर्मेंटर नाहीतर हायड्रोजनेशनवाले कोणी असाल तर वाचा, आमचे पैसे गेले, निदान तुमचे तरी वाचूदेत.

आमच्याकडे जुना रश्टन टर्बाइन प्रकारचा इम्पेलर, डिस्कवर सहा सपाट ब्लेड. हवा सोडली की ब्लेडच्या पाठीमागे हवेची पोकळी धरते आणि पॉवर पार निम्म्यावर येते, म्हणून तर अर्धगोल ब्लेडवाले इम्पेलर आले आणि ते खरंच चांगले असतात, त्याबद्दल वाद नाही. एका फॅब्रिकेटरने तेच 'आमचं स्वतःचं डिझाइन' म्हणून गळ्यात मारलं.

डेमो त्याच्या शेडमध्ये, ॲक्रिलिकच्या टाकीत. आधी रश्टन फिरवला, हे मोठाले बुडबुडे. मग 'चला साहेब चहा घेऊ', परत येतोय तर इम्पेलर बदललेला आणि टाकी दुधासारखी पांढरीफट्ट, एवढे बारीक बुडबुडे! बारीक म्हणजे हवा जास्त विरघळणार, आमचे साहेब जागेवरच खूश, ॲडव्हान्स गेला. टाकीच्या काठावर पांढरी पुटं दिसत होती पण बोअरचं पाणी म्हटल्यावर क्षार असणारच ना.

क्षार कसले, मीठ! त्याच्याकडून काम सोडलेल्या फिटरनेच नंतर सांगितलं, चहाच्या वेळात पाण्यात मिठाच्या पुड्या रिकाम्या करायचे. खारट पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात, लिटरला दहा-बारा ग्रॅम पुरे, मग आत रश्टन फिरवा नाहीतर काहीही.

प्लांटला बसवल्यावर मोटरचे ॲम्पिअर उतरले तर हा म्हणतो बघा वीज वाचली. अहो वाचली कुठे, ढवळणंच कमी झालं! पॉवर नंबर म्हणजे त्याच व्यासाला, त्याच वेगाला पंखा किती पॉवर खेचतो त्याचा आकडा; रश्टनचा 5 च्या आसपास, अर्धगोलाचा 3 च्या, आणि याने व्यास तोच ठेवलेला! व्यास नुसता 10 टक्के वाढवला तर पॉवर दीडपटीच्या वर जाते, पण मग माल जास्त लागतो ना. बॅचच्या मध्यात डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) बसायला लागला म्हणून मॅनहोल उघडलं तर ब्लेडही उलटे, पोकळ बाजू फिरण्याच्या दिशेला पुढे हवी तर यांची पाठ पुढे. बिलात 316 म्हणजे मॉलिब्डेनमवालं स्टेनलेस, पण मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या मॉली टेस्टचा थेंब टाकला तर रंगच येईना.

तेव्हा दोन्ही इम्पेलर एकाच पाण्यात आणि आपल्या डोळ्यांसमोर फिरवायला लावा, आधी-नंतर टीडीएस बघा. कोटेशनमध्ये आपल्या हवेच्या फ्लोला किती किलोवॅट ते लिहून घ्या, निम्मं पेमेंट डीओवर अडकवा.

आम्ही उरलेले पैसे अडवलेत. त्याची वकिलाची नोटीस आलीय, उत्तरासोबत ॲम्पिअरच्या नोंदी आणि उलट्या ब्लेडचे फोटो जोडलेत.