क्रिप्टोलेमस पैदास संच: भुंगेरे दमदार, पण येतात तीन आठवडे लवकर

पिठ्या ढेकणावर (झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या, पिठाळ किडीवर) ती फस्त करण्यासाठी सोडायचे क्रिप्टोलेमस भुंगेरे स्वतःच वाढवता यावेत, यासाठी मिळणाऱ्या संचांपैकी हा एक. खोक्यात डबीभर म्हणजे १०० प्रौढ भुंगेरे, तिन्ही बाजूंनी ३० सेंमीचा घडीचा जाळीदार पिंजरा, पिठ्या ढेकणाच्या अंडीपुंजांची पुडी, खाद्य घट्ट करायची ‘अगर’ नावाची पावडर, भुंगेऱ्यांचं खाद्य लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एक ब्रश आणि चारपानी माहितीपत्रक. लाल भोपळे आपले आपण आणायचे; त्यांवर आधी पिठ्या ढेकूण वाढवायचा आणि मग त्यावर भुंगेरे सोडायचे.

भुंगेऱ्यांबद्दल तक्रार नाही. ३ ते ४ मिमी लांब, काळे, डोकं आणि पंखांची टोकं नारिंगी. डबीत कागदाचे कपटे भरलेले असल्याने मेलेले पाच-सहाच निघतात. पुढच्या पायांची जोडी भिंगाखाली पाहावी: नराची पिवळसर तपकिरी, मादीची काळपट. माद्या निम्म्याच्या आसपास आहेत, तेवढ्या पुरतात.

घोटाळा आहे तो वेळेचा. भुंगेरे आणि अंडीपुंजांची पुडी एकाच दिवशी हातात पडते. मादी अंडी घालते ती पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडीपुंजात, आणि भोपळ्यावर ते दिसायला लागायला १५ ते २० दिवस जातात. तोवर भुंगेरे नुसत्या खाद्यावर बसून राहतात. माहितीपत्रक यावर उपाय सांगतं की आठव्या दिवशीच सोडा! आठव्या दिवशी भोपळ्यावर ढेकणांची नुसती पिल्लं असतात. भुंगेरे ती फस्त करतात आणि अंडी मात्र जवळजवळ घालत नाहीत. पुंज दिसल्यावर १०० भुंगेरे २४ तासच ठेवावेत आणि काढून घ्यावेत. नाहीतर अळ्यांच्या वाट्याचं तेच खाऊन टाकतात.

भोपळ्याबद्दल पत्रकात एकच ओळ आहे: ‘स्वच्छ पुसून घ्या.’ एवढ्याने भागत नाही. खोल खाचांचा, देठ शाबूत असलेला भोपळा निवडावा. खाचांत पिल्लं नीट बसतात. धुऊन ०.१ टक्का कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात एक-दोन मिनिटं बुडवावा, सावलीत वाळवावा आणि ओरखडे मेणाने बंद करावेत. हे टाळलं की नेमक्या अळ्या वाढायच्या दिवसांत भोपळा सडतो आणि पिठ्या ढेकूण खाली गळतो.

पिंजऱ्याची जाळी मोठ्या भोकांची आहे. त्यातून पिल्लं बाहेर पडतातच, शिवाय पिठ्या ढेकणावरच्या परजीवी गांधीलमाश्या आत येतात. ढेकूण तपकिरी, फुगीर, कडक दिसू लागले आणि त्यांवर गोल भोक दिसलं, तर तो भोपळा बाहेर काढून नष्ट करावा, वाचवत बसू नये. आतून मलमल शिवून घ्यावी, चेनच्या कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावावी. मुंग्या चढू नयेत म्हणून पिंजऱ्याचे पाय साबणाच्या पाण्यात ठेवावेत. पिंजरा एकच दिलाय, लागतात किमान दोन, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. पिठ्या ढेकणाच्या खोलीत चार-दोन भुंगेरे जरी शिरले तरी बियाण्याचा, म्हणजे पुढच्या भोपळ्यांसाठी राखलेल्या ढेकणांचा, साठा हळूहळू संपतो.

खाद्याचं साहित्य ठीक, कृती मात्र अर्धवट. ७० मिली पाण्यात २० ग्रॅम साखर उकळून १ ग्रॅम अगर घालावी. ४० मिली मध ३० मिली पाण्यात कालवून त्या उकळत्या मिश्रणात शेवटी ओतावा. गरम असतानाच पट्टीवर थेंब टाकावेत. थेंब थरथरेल पण ओघळणार नाही, इतपत घट्ट हवा. पातळ राहिला की भुंगेरे चिकटून मरतात.

पत्रकात अळीचं चित्रच नाही, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे धागे असतात, त्यामुळे ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. नवखा माणूस ब्रशने झाडून टाकतो. काडीने हलकेच डिवचावं: अळी तुरुतुरु पळते, पिठ्या ढेकूण जेमतेम हलतो. पूर्ण वाढलेली अळी १३ मिमीपर्यंत जाते, म्हणजे ढेकणाच्या तिप्पट. तळाशी कोरडी पानं किंवा कागदाच्या घड्या ठेवाव्यात (हे पत्रकात आहे, श्रेय द्यायला हवं), तिथे त्या कोषात जातात. भुंगेरे सोडल्यापासून साधारण तिसाव्या दिवशी नवे निघू लागतात. बरा भरलेला भोपळा दीडशेच्या आसपास देतो. ते लगेच झाडावर नेऊ नयेत. दहा-पंधरा दिवस खाद्यावर ठेवले की त्यांचं मीलन होऊन जातं. खोली २५ ते २७ अंशांवर असावी. १६ च्या खाली ते सुस्तावतात, ३३ च्या वर भक्ष्य शोधणंच सोडतात.

एकदाच सोडायचे असतील त्यांनी तयार भुंगेरेच घ्यावेत. वर्षभर पैदास चालवायची असेल तर संच घ्या, पण मागणी नोंदवतानाच ‘अंडीपुंज आधी, भुंगेरे तीन आठवड्यांनी’ असं लिहा. विक्रेता दोन खेपांत पाठवतो. फक्त स्वतःहून तसं विचारत नाही.