पार्किन्सनच्या पेशंटला ‘सकाळची गोळी न देता आणा’ म्हणाले तर समजून जा

माझ्या वडिलांना, अण्णांना, पार्किन्सन आहे, आणि ‘नव्या पेशी सोडून बरं करतो’ म्हणणाऱ्या शिबिरात आम्ही फसलो. आधी रक्कम सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात आणि मग तोंड वाकडं करतात. नोंदणी ५,५०० रुपये. ‘ब्रेन मॅपिंग’ १८,५००. पेशींचं पॅकेज २,२५,०००. वरून ‘इम्युनिटी किट’ ३६,८००. एकूण २,८५,८००. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन वाहून गेलं होतं, त्यामुळे घरात रोख काही नव्हतं. सव्वादोन लाख आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून उभे केले. त्याचं व्याज आजही माझ्या पगारातून जातंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘शिकलेली असून फसली’ हे नात्यागोत्यात सगळ्यांचं बोलून झालंय. पुण्याचा भाऊ तर फोनवर म्हणाला, “ताई, तू तर सायन्सची ना?” त्याला वर्षातून एकदा दिवाळीला अण्णा दिसतात. अण्णांचा पाय उंबऱ्याशी आला की जमिनीला चिकटतो, पुढे उचलतच नाही. सदऱ्याची गुंडी लावायची तर आई लावते. गोळी चढली की तास-दोन तास माणसात असतात, उतरली की लाकूड. ज्याच्या घरात हे नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये. मुंबईला मेंदूत तारा बसवायच्या ऑपरेशनची चौकशी करून आलो होतो. छातीत कॉलरच्या हाडाखाली बॅटरी, तिथून आतून मेंदूपर्यंत वायर. उपचार खरा आहे, १९८७ पासून होतो, पण खर्च ऐकून देवगिरी एक्स्प्रेसने गपगुमान परत आलो.

आणि बातमी खरी होती हो! हेच लोकांना समजत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात जपानच्या क्योटो विद्यापीठाची ट्रायल छापून आली. पार्किन्सनच्या सात पेशंटच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सोडल्या, दोन वर्षं लक्ष ठेवलं, गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, आणि ज्यांची तपासणी झाली त्या सहापैकी चौघांच्या हालचालीत सुधारणा दिसली. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या बारा पेशंटची दुसरी ट्रायल छापून आली. ही बातमी मी स्वतः नववीच्या वर्गात वाचून दाखवली होती. महिन्याभरात व्हॉट्सॲपवर तेच कात्रण फिरत आलं, खाली एक ओळ चिकटवलेली: ‘आता हाच उपचार मराठवाड्यात, मोफत निवड शिबिर.’ खोटी बातमी असती तर मी तिथेच पकडली असती. खऱ्या बातमीला खोटं शेपूट लावलं की पकडणं अवघड जातं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दिवाळीनंतर शिबिराचा फोन आला. बाई फार गोड बोलत होती. “अण्णांना सकाळची गोळी देऊ नका हं, आणि रिकाम्या पोटी आणा. मशीनला आजार खरा दिसला पाहिजे.” मला ते पटलं. शुगर तपासायला आपण रिकाम्या पोटी जातोच की.

मंगल कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आमच्यासारखीच माणसं बसलेली. सगळ्यांचे हात थरथरतायत, कुणाच्याही पोटात सकाळची गोळी नाही. अण्णांची अवस्था इतकी वाईट मी कधी पाहिली नव्हती. नंबर यायला दीडेक तास लागला. आत नेलं, मोबाईलवर त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढला. मग एका पोराने कागदी कपात पाणी आणि गोळीचा अर्धा तुकडा दिला. “पोटात मळमळ होऊ नये म्हणून.” मग परत बाहेर बसवलं. फॉर्म, सह्या, पैसे, सगळे कागद इंग्रजीत. तासाभराने डोक्यावर वायरवाली निळी टोपी चढवली, पाच मिनिटं घुर्रर्र आवाज, आणि अण्णांनी हात पुढे केला तर हात थांबलेला. ते स्वतः उठले. चार पावलं चालले. परत व्हिडिओ. आई तिथेच रडायला लागली.

इथेच कळायला हवं होतं, रात्र-रात्र हाच विचार डोक्यात फिरतो. गेली कित्येक वर्षं दिवसातून तीनदा मी या माणसाला गोळी देते. रिकाम्या पोटी दिली की लवकर चढते हे मला माहीत आहे. डाळ-दूध खाल्ल्यावर दिली की उशिरा चढते हेही माहीत आहे, म्हणून तर जेवणाआधी अर्धा तास द्यायची. साधारण अर्ध्या-पाऊण तासात चढते हेही माहीत आहे. घरी येताना जीपमध्ये अण्णा म्हणालेसुद्धा, “ती गोळी आपल्याच गोळीवानी लागली गं जिभेला.” मी म्हटलं, “गप बसा अण्णा, तुम्हाला सगळंच तसं लागतं.” आई मागच्या सीटवर देवाला हात जोडत होती, अन् मी गोळीची चव तपासत बसू? तुम्ही बसला असता?

गोळीचा पुरावा माझ्याकडे नाही, खरंय. पण नंतर संभाजीनगरच्या न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, रागावले. म्हणाले, पेशंटला आधी उपाशी आणि बिनगोळीचा ठेवायचा, मग लेव्होडोपा, म्हणजे आपलीच रोजची गोळी, द्यायचं, आणि श्रेय टोपीला. ते औषध १९६० च्या दशकापासून आहे, त्यात नवीन काहीच नाही.

पुढचा भाग पटकन सांगते, कारण लिहायलाही नको वाटतं. मोठ्या शहरातल्या एका भाड्याच्या दवाखान्यात बोलावलं, थर्माकोलच्या डब्यातून ‘जपानच्या पेशी’ काढल्या आणि अण्णांच्या हाताला सलाईन लावलं. हाताला! क्योटोत कवटीला भोक पाडून मेंदूत नेमक्या जागी पेशी सोडल्या आणि त्या शरीराने नाकारू नयेत म्हणून वर्षभराहून जास्त औषध दिलं. आमच्याकडे दोन तास सलाईन, मग शहाळं आणि पावती. मी विचारलंही. तर म्हणे, “मॅडम, ते जुनं तंत्र. आता पेशी स्वतःच रस्ता शोधतात.” शिरेतून सोडलेल्या पेशी बहुतेक फुप्फुसातच अडकतात, मेंदूपर्यंत पोचत नाहीत, हे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं तेव्हा पाटल्या गेलेल्या होत्या. पावतीवर काय लिहिलंय? ‘वेलनेस पॅकेज.’ उपचार हा शब्दच नाही. पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिणार ते विचारा.

आणि सगळ्यात नीच प्रकार म्हणजे, ‘पेशी रुजायला हव्यात’ म्हणून रोजच्या गोळ्या बंद करायला लावल्या. ही गोळी अचानक बंद केली तर पेशंटच्या जिवावर बेततं, कुणीही सांगितलं तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तिसऱ्या दिवशी अण्णा दगडासारखे कडक झाले, ताप चढला, गिळता येईना. दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याचा खर्च वर दिलेल्या रकमेत धरलेलाच नाही.

आता आपलं सरकार. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिक्षिका. राजीखुशीने पैसे दिलेत, पावती आहे, मग फसवणूक कशी?” सलाईन लावलं म्हणजे ‘सेवा दिली’, म्हणजे सिव्हिल मॅटर! १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला, तिथे म्हणाले की पैसे जाताच लगेच कळवायचं असतं, आता ते पुढे फिरले. १९५४ चा कायदा आहे, त्यात मेंदूच्या आजारावर उपचाराची जाहिरात करायलाच बंदी आहे, त्याची प्रिंट काढून परत ठाण्यात नेली. साहेबांनी पूर्ण वाचली, घडी घालून माझ्याच हातात दिली, “हे एफडीएचं.” एफडीएत, म्हणजे अन्न व औषध प्रशासनात, म्हणाले, औषधाची बाटली आणा. बाटली ते लोक घेऊन गेले हो, मी काय सलाईनची सुई जपून ठेवणार होते? आरोग्य खात्यात म्हणाले शिबिराला आमची परवानगी नव्हती. मग परवानगी नसताना झालं कसं? तर त्यांनी बोट दाखवलं नगरपरिषदेकडे. नगरपरिषदेत म्हणाले, मंगल कार्यालय खाजगी आहे, लग्न झालं काय अन् शिबिर झालं काय, आम्ही फक्त घरपट्टी घेतो. मेडिकल कौन्सिलला तक्रार करायची तर डॉक्टरचा नोंदणी नंबर लागतो आणि तो पावतीवर नाही, आणि नंबर नाही हीच तर माझी तक्रार! एका कार्यालयात तर बाबूंनी अर्ज घेतला, पोच दिली नाही, आणि वर विचारलं, “खरंच थोडाफार फरक पडला का हो? माझ्या सासऱ्यांना आहे.” त्यांना काय बोलू? पोच मागायची असते, नाही मिळाली तर स्पीड पोस्टाने पाठवायचं असतं. हे मला आता समजतंय.

उपयोगाचं एकच ठिकाण सापडलं, ग्राहक आयोग. आपण दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही, प्रकार घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. वकिलाने तेवढ्यासाठी २,००० रुपये घेतले, तेही फुकट कळण्यासारखंच होतं.

सीटीआरआयचं, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचं, सांगायचं राहिलं. आपल्या देशात माणसांवर होणाऱ्या औषधांच्या ट्रायलची नोंद २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कुणालाही फुकट बघता येते. आमच्या फॉर्मवर सीटीआरआयचा नंबर छापलेला होता, म्हणून तर मी भरवसा ठेवला. नंतर तो नंबर टाकून पाहिला तर मधुमेह आणि योगासनांची ट्रायल निघाली. नंबर असला एवढ्यावर थांबू नका, उघडून आजाराचं नाव, गावाचं नाव वाचा. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांत स्टेम सेलचा, म्हणजे असल्या पेशींचा, उपचार रक्ताच्या आणि त्याच्याशी जोडलेल्या काही ठरावीक आजारांपुरताच मान्य आहे. बाकी जे काही ते ट्रायल, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेताच येत नाहीत. म्हणजे ५,५०० मागितले तिथेच त्यांचा खोटेपणा उघडा पडला होता, पण हे नियम कुठल्या तलाठ्याच्या भिंतीवर लावलेत का? नाहीत. इंग्रजी पीडीएफमध्ये आहेत.

अण्णांच्या गोळ्या परत सुरू आहेत, डोस थोडा वाढवावा लागला. परवा त्याच गोड बाईचा मेसेज आला, ‘दुसऱ्या डोसवर २० टक्के सूट’, आणि खाली पुढच्या शिबिरांची गावं. दोन गावं आमच्याच पट्ट्यातली आहेत. तिथलं कुणी जाणार असेल तर कागदी कपातली गोळी गिळू देऊ नका, कागदात गुंडाळून बाहेर आणा आणि मला कळवा. एफडीएला बाटली पाहिजे होती ना, गोळी घेऊन जाते.