हेलिओस घ्यायची की टाकुमार? माहुलीच्या घाटावर दोन्ही लावून बघितल्या

साताऱ्यातली फोटोग्राफी करणारी पोरं हल्ली एकच विचारतात, दादा ती जुनी रशियन लेन्स घेऊ का, मागचं गरगर फिरतं ती. ती म्हणजे हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ/२. माझ्याकडं तीही आहे आणि जपानची सुपर टाकुमार ५५ एमएम एफ/१.८ पण आहे, दोन्ही एम४२ म्हणजे आट्यांच्या माउंटवाल्या, फोकस हातानंच करायचा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की हेलिओसमध्ये ब्लर जास्त येतो. ब्लर किती येणार हे बघायला फोकल लेंथला (तो एमएमचा आकडा) एफ नंबरनं (एफ/ च्या पुढचा आकडा) भागा, हेलिओसचं २९ एमएम येतं आणि टाकुमारचं साधारण साडेतीस, म्हणजे जवळपास सारखंच, आणि किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) ५५ ला एफ/५.६ वर असते तेव्हा जेमतेम १० एमएम, म्हणून तर किट लेन्सवर मागची भिंत भिंतच दिसते. तेव्हा या दोघींत फरक ब्लर किती याचा नाही, ब्लर कसा दिसतो याचा आहे.

तो मला नीट कळला संगम माहुलीला. आत्याला घाटाच्या पायरीवर बसवलं, संध्याकाळचे पाच वाजलेले, मागं दहा-बारा फुटांवर झाड आणि पानांतून ऊन झिरपतंय. मित्राच्या फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर हेलिओस अ‍ॅपर्चर म्हणजे आतलं उजेडाचं भोक पूर्ण उघडं ठेवून लावली तर मधले उन्हाचे ठिपके गोल, पण कडेला जाईल तसे लिंबासारखे चपटे होत गेले आणि सगळे आत्याच्या डोक्याभोवती नदीतल्या भोवऱ्यासारखे फिरल्यागत दिसले. कडेकडून तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा कापला जातो म्हणून असं होतं. मग टाकुमार लावली, झाड नुसतं हिरवं विरघळलं आणि नजर सरळ आत्याच्या नथीवर गेली, मोती न मोती वेगळा, डोळ्याखालच्या बारीक सुरकुत्या पण किती मायेनं आल्यात. मला हाच फोटो जास्त आवडला आणि घरी भिंतीवर तोच लावलाय.

आता खरी अडचण ऐका. तुमची बॉडी क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची असेल (आपल्याकडं बहुतेकांची तीच असते) तर ५८ ची लेन्स साधारण ८७ सारखी दिसते, पोर्ट्रेटला ते छानच, पण भोवरा असतो कडेला आणि कडाच कापल्या जातात, मग ज्यासाठी हेलिओस घेतली तेच निम्मं गेलं की. म्हणून क्रॉपवाल्यांना मी सरळ टाकुमार सांगतो. फुलफ्रेम असेल आणि माहुली, यवतेश्वर असल्या झाडीच्या जागी शूट करत असाल तर हेलिओस जरूर घ्या, मागं पानं आणि उजेडाची भोकं पाहिजेत, साध्या भिंतीपुढं ती काही करत नाही.

हेलिओसला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात, एकीनं आकडा ठरवायचा, दुसरीनं उघडझाप, चार दिवसांत हात बसतो. फोकस दोन्हींत नाजूक, डोळ्यावर झूम करून बघा नाहीतर पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगानं दाखवतं ते) चालू ठेवा, पूर्ण उघडी असताना समोरच्यानं मान जरा पुढं केली तरी डोळा गेला.

मिररलेसवाल्यांना (आत आरसा नसलेला कॅमेरा) अ‍ॅडॉप्टरचा, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या रिंगचा, प्रश्न नाही, कॅननच्या डीएसएलआरवरही (आरशावाला कॅमेरा) चालतं, निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र साध्या रिंगनं लांबचा फोकस येत नाही, जवळचे चेहरे तेवढे निघतात.

घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघाच. मी एकदा फोटोवरून मागवली ती आली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, विकणाऱ्यानं मग फोनच उचलला नाही, फार जिवाला लागलं. टाकुमारच्या काही मॉडेल्सना थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते, त्याला घाबरू नका, यूव्ही दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. बुरशीचं तसं नाही. आपल्याकडचा पावसाळा माहितीये, जून ते सप्टेंबर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायची, कपाटात कपड्यांत गुंडाळून अजिबात नाही.