वापरलेल्या ट्रान्समीटरच्या व्यवहारात झालेली फसवणूक

मॉडेल विमाने उडवणाऱ्या मंडळींमध्ये वापरलेल्या ट्रान्समीटरची, म्हणजे विमान चालवण्याच्या हातातल्या रिमोटची, खरेदी-विक्री नेहमीच चालते आणि त्यातली बहुतेक माणसे प्रामाणिक असतात. माझी फसवणूक मात्र अशा युक्तीने झाली की ती बाहेरून पाहून ओळखता येत नाही. म्हणून झाला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

माझी विमाने वेगवेगळ्या काळात जमवलेली आहेत. बाल्सा लाकडाच्या ट्रेनरमध्ये (शिकाऊ विमानात) फ्रस्काय कंपनीचा डी8 रिसीव्हर, म्हणजे ट्रान्समीटरचे संदेश घेणारा भाग, आहे, फोमच्या विमानांत फ्लायस्कायचे रिसीव्हर आहेत आणि ग्लायडरमध्ये स्पेक्ट्रम कंपनीच्या डीएसएमएक्स पद्धतीचा रिसीव्हर आहे. हे सगळे 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालतात, परंतु प्रत्येक कंपनीची संदेश पाठवण्याची पद्धत निराळी असल्यामुळे एकीचा ट्रान्समीटर दुसरीच्या रिसीव्हरशी जुळत नाही. सगळी विमाने एकाच ट्रान्समीटरवर उडवता यावीत यासाठी मी रेडिओमास्टरचा टीएक्स16एस एमके2 शोधत होतो, आणि तोही 4-इन-1 मॉड्यूलचाच. मॉड्यूल म्हणजे संदेश प्रक्षेपित करणारा भाग. या मॉड्यूलमध्ये चार स्वतंत्र रेडिओ चिप असतात. सीसी2500 ही फ्रस्काय आणि फुटाबाच्या एस-एफएचएसएससाठी, ए7105 फ्लायस्कायसाठी, सीवायआरएफ6936 डीएसएमसाठी, आणि चौथी मुख्यतः खेळण्यांतल्या छोट्या ड्रोनसाठी उपयोगी पडते. हाच ट्रान्समीटर ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस) या वेगळ्या पद्धतीचे मॉड्यूल बसवूनही विकला जातो. ईएलआरएस ही पद्धत उत्तम आहे, तिचा पल्लाही मोठा आहे. पण ती केवळ ईएलआरएस रिसीव्हरशीच जुळते. दोन्ही प्रकारांची बॉडी, स्क्रीन, स्टिक आणि स्विच सारखेच असतात, आणि इथेच लबाडीला वाव मिळतो.

विक्रेता दुसऱ्या शहरातला होता आणि जाहिरातीत त्याने ‘4-इन-1’ असे स्पष्ट लिहिले होते. मी व्हिडिओ कॉलवर ट्रान्समीटर चालू करून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा लिथियम बॅटरी कुरिअरने पाठवता येत नसल्यामुळे ती काढून टाकली आहे, असे सांगून त्याने आधी चित्रित केलेला व्हिडिओ पाठवला. त्यात मॉडेलच्या सेटिंगमध्ये अंतर्गत मॉड्यूलपुढे ‘मल्टी’ लिहिलेले दिसत होते आणि त्याच्या बोटाखाली फ्रस्काय, फ्लायस्काय, डीएसएम अशी नावे एकामागून एक सरकत होती. पुरावा म्हणून हे कोणालाही पुरेसे वाटेल. प्रत्यक्षात ही यादी दिसण्यासाठी ते मॉड्यूल बसवलेले असावे लागत नाही, ती एजटीएक्स या ट्रान्समीटरच्या सॉफ्टवेअरमध्येही असते. हार्डवेअरच्या पानावर अंतर्गत मॉड्यूलचा प्रकार हाताने ‘मल्टी’ असा निवडला, की आत भलतेच मॉड्यूल असले तरी ती उघडते. खरी माहिती मॉडेलच्या सेटिंगमधल्याच मॉड्यूलच्या स्थितीच्या ओळीत असते. 4-इन-1 मॉड्यूल खरोखर बसवलेले असेल तर तिथे त्याच्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) आवृत्ती क्रमांक उमटतो, नसेल तर उमटत नाही. पार्सल आल्यावर तो व्हिडिओ मी पुन्हा थांबवून थांबवून पाहिला. कॅमेरा स्क्रीनच्या इतका जवळ नेलेला होता की नेमकी तेवढीच ओळ चौकटीबाहेर राहिली होती. हे अजाणतेपणी घडले यावर माझा विश्वास नाही.

रिसीव्हर बाइंड करायला, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडायला, घेतला तेव्हा त्याचा दिवा भराभर लुकलुकत राहिला, स्थिर झालाच नाही. दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरचेही तसेच झाले. शेवटी अंतर्गत मॉड्यूलचा प्रकार बदलून आवृत्तीचे पान उघडले आणि तिथे ईएलआरएसचे नाव आले. त्याच क्षणी मी स्क्रीनचे छायाचित्र काढून विक्रेत्याला पाठवले. त्यावर त्याने ‘फर्मवेअर बदलले की सगळे चालेल, मी फाइल पाठवतो’ असे उत्तर दिले. हे धादांत खोटे होते, कारण जी चिप सर्किटवर नाहीच ती कोणत्याही फाइलने निर्माण होत नाही. फाइल आज पाठवतो, उद्या पाठवतो असे करत त्याने तक्रारीची मुदत उलटू दिली आणि मग माझा नंबर ब्लॉक केला. ट्रान्समीटर बनवणाऱ्या कंपनीचा यात काडीचाही दोष नाही, हेही इथे नमूद करतो.

वापरलेला ट्रान्समीटर घेताना समोरच्याला चालू व्हिडिओ कॉलवर रिसीव्हर बाइंड करून सर्व्हो (विमानाचे पंखे-शेपटी हलवणारी छोटी मोटर) हलवून दाखवायला सांगावे आणि तोपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. बॅटरी नसल्याची सबब मान्य करू नये, कारण साधे 18650 (या आकाराचे दंडगोल लिथियम) सेल घालूनही हा ट्रान्समीटर चालू होतो. स्थितीची ओळ आणि आवृत्तीचे पान पूर्ण दिसेल असे दाखवून घ्यावे. शक्य असेल तर मैदानावर भेटून कमी शक्तीवरची रेंज चाचणीही करून घ्यावी, कारण अँटेना न लावता चालवून रेडिओचा ॲम्प्लिफायर बिघडलेला असला तर टेबलावर बाइंड होणारा ट्रान्समीटर थोड्याच अंतरावर संपर्क गमावतो आणि हवेतले विमान हातचे जाते. फसवणूक लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्वरित फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधीच ते रोखले जाण्याची शक्यता असते.

माझी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदलेली आहे, पैसे अद्याप परत आलेले नाहीत. सध्या मागच्या खाचेत वेगळे विकत घेतलेले 4-इन-1 मॉड्यूल बसवून मी तोच ट्रान्समीटर वापरत आहे.