आयोडीनचा ग्लास आणि माझा जुना विद्यार्थी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेत मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकायचा, पिष्टामुळे (स्टार्चमुळे) फोड निळी-काळी झाली की पोरं "ओऽऽ" करायची. म्हणूनच पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

गेल्या वर्षी तलावपाळीवर फिरताना एक जुना विद्यार्थी भेटला. भर रस्त्यात वाकून नमस्कार. "सर, काकूंची शुगर काय म्हणतेय?" शाळेच्या ग्रुपवर मीच कधीतरी लिहिलं असणार. पुढच्याच रविवारी तो आम्हाला घंटाळीजवळच्या एका हॉलमध्ये घेऊन गेला. आरोग्य मेळावा, वर अळंबीच्या अर्काची कॉफी फुकट.

तिथे त्याने ग्लासभर पाण्यात आयोडीनचे थेंब टाकले. पाणी चहासारखं झालं. "हे आपलं रक्त, आणि हा साचलेला विषारी मळ." मग 'रिशी' नावाच्या अळंबीची म्हणून एक कॅप्सूल फोडून त्यात ढवळली. पाणी नितळ! टाळ्या पडल्या. मला तिथेच कळलं होतं की हे आयोडीनचं क्षपण आहे, म्हणजे रासायनिक क्रियेने त्याचा रंग जातो. चिमूटभर सी जीवनसत्त्व टाका, लिंबू पिळा, हेच होतं. रक्ताचा काही संबंध नाही. पण मी बोललो नाही. शेजारच्या बाईंना तो अभिमानाने सांगत होता, "हे माझे विज्ञानाचे सर." आता अशा वेळी कोण तोंड उघडणार?

शिवाय त्याची सगळी वाक्यं खोटी नव्हती, तिथेच माणूस फसतो. रिशी, म्हणजे गॅनोडर्मा, चीनमध्ये फार जुन्या काळापासून वापरतात हे खरं. जपानने 1977 मध्ये अळंबीचा अर्क कॅन्सरसाठी मान्य केला हेही खरं. पण तो अर्क टर्की टेल नावाच्या वेगळ्याच अळंबीचा, शुद्ध केलेला आणि मूळ उपचारांना जोड म्हणून दिला जायचा. हे मी नंतर वाचलं. रिशी आणि मधुमेहाबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा 2015 चा आढावा आहे. 5 चाचण्या, 398 माणसं, आणि साखरेवर ठोस फायदा दिसला नाही. हे पैसे भरायच्या आधी वाचायला हवं होतं.

त्या कॅप्सूलचे तीन महिन्यांचे डबे 12,300 रुपये, 'मेंबर' व्हायची नोंदणी 2,500. सगळं रोख. पावती म्हणून साध्या कागदावर सही.

पैशांचं दुःख मागे पडलं ते वेगळ्याच गोष्टीने. तो हिला परस्पर फोन करायचा. "काकू, ह्या सुरू झाल्या की डॉक्टरांची गोळी हळूहळू कमी करा. सरांना आत्ताच सांगू नका, सरप्राइज द्या." हिने खरंच संध्याकाळची गोळी बंद केली. तीन महिन्यांनी सरासरी साखर दाखवणारी चाचणी (HbA1c) 7.2 वरून 9.1 टक्क्यांवर. डॉक्टर चिडले ते हिच्यावर नाही, माझ्यावर. "सर, तुम्ही घरात असताना?" रक्त पातळ करायची गोळी चालू नाही ना, हेही त्यांनी विचारून घेतलं. रिशीबरोबर ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो म्हणे.

त्या रात्री मी एक कॅप्सूल फोडून जिभेवर ठेवली. रिशी चांगली कडू असते. ही सातूच्या पिठासारखी लागली. मग बशीत पूड, वर आयोडीनचा थेंब. निळी-काळी. अगदी बटाटा! मेळाव्यात विरणारा रंग इथे गडद होत होता. म्हणजे दाखवायची कॅप्सूल वेगळी आणि विकायची वेगळी, असं मला वाटतं. भिंगाने लेबल वाचलं तर 'मायसेलियम पावडर' असं बारीक अक्षरात. म्हणजे बुरशीचे धागे, बहुधा धान्यावर वाढवून धान्यासकट दळलेले. अळंबीची लाकडासारखी कडक छत्री दळली असती तर इतकं पिष्ट आलंच नसतं. शेजारी आणखी बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही'. आणि मेळाव्याच्या पत्रकावर मात्र ठळक 'मधुमेह मुळासकट'. मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्यानेच बंद आहे.

पैसे मागितले तर म्हणाला, "सर, सील तोडलंत ना. दोघांना जोडा, वसूल होतील." अशा माणसं जोडून माल विकण्याच्या, म्हणजे थेट विक्रीच्या, 2021 च्या नियमांत नोंदणीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे, हे मी वाचून दाखवलं. त्यानंतर फोन उचलणं बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं की व्यवहार त्या व्यक्तीशी झाला, आमचं बिल नाही. रोख दिले तिथेच हरलो होतो.

पत्रक आणि लेबलाचे फोटो अन्न व औषध प्रशासनाला पाठवले आहेत. उरलेल्या 46 कॅप्सूल कपाटात आहेत. ही रोज म्हणते फेकून द्या. मी पुरावा म्हणून ठेवल्यात. त्या मेळाव्यातल्या शेजारच्या बाई हे वाचत असतील तर कळवा, तुमच्या डब्यातलीही एक तपासून देतो. आयोडीनची बाटली घरात आहे.