साठ हजारांचा बेस की आठ लाखांचा? वरचे पैसे नेमके कशाचे

पाच तारांचा बेस गिटार घ्यायला निघालात की दोन टोकं समोर येतात. एकीकडे इंडोनेशियात बनलेला सायर, पन्नास-साठ हजारांच्या घरातला. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला फोडेरा. त्याची ऑर्डर द्यायची, आगाऊ पैसे भरायचे, महिनोन् महिने थांबायचं आणि मग आठ-दहा हजार डॉलर मोजायचे. म्हणजे आयात शुल्क आणि जीएसटी लागायच्या आधीच सात-आठ लाख. तारा दोन्हींना पाचच, आणि दोन्ही जोडायचे त्याच अँपला.

माझं मत आधीच सांगतो. वरच्या पैशांतला थोडाच भाग आवाजाचा असतो. बाकीचा कारागिराच्या तासांचा, आणि वर्षाला मोजकेच नग बनतात याचा. हे पटवून घेऊन पैसे मोजणार असाल तर फसवणूक कुठेच नाही. ‘दहापट पैसे म्हणजे दहापट आवाज’ असा हिशोब असेल तर मात्र पदरी निराशा येईल.

आवाजाचा मुद्दा आधी निकालात काढू. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला तो मुळात कारखान्यासाठीच आखलेला होता. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बॉडीला स्क्रूंनी बसवलेला. बिघडला तर काढा, दुसरा लावा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला जेम्स जेमर्सनचा बेस म्हणजे १९६२चा प्रिसिजन, कारखान्यातून आलेला. जॅको पास्टोरियसचा फ्रेट्स (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढलेला, फेंडरचाच १९६२चा जॅझ बेसही तसाच. बेसवादनाचा आवाज ज्यांनी घडवला त्यांच्या हातात महाग वाद्यं नव्हती. हे दुकानदार सांगणार नाही.

मग बुटीक, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये मोजकेच बनणारे महागडे बेस, हा प्रकार आला कुठून? १९६९च्या सुमारास कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड या बँडच्या भोवती जमलेल्या तंत्रज्ञांनी अलेम्बिक सुरू केलं. बेसच्याच पोटात प्रीअँप (तारांचा सिग्नल वाढवणारं सर्किट) बसवायचा, नेक बॉडीच्या आरपार न्यायचा, लाकूड निवडून घ्यायचं, हे त्यांनी रुळवलं. स्टॅन्ली क्लार्क या बेसवादकामुळे ते जगाला ऐकू आलं. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्स्की या कारागिराने उलट वाट धरली. फेंडरचाच आराखडा घ्यायचा आणि त्यातल्या खोडी काढायच्या. बेसवादक मार्कस मिलरचा १९७७चा जॅझ बेस त्याने सुधारून दिला आणि तो आवाज ऐंशीच्या दशकातल्या असंख्य रेकॉर्डवर गेला. गंमत बघा, तोही मुळात फॅक्टरीचाच बेस. आणि आज त्याच मार्कस मिलरचं नाव साठ हजारांच्या सायरवर आहे.

फोडेरा १९८३चं. बेसवादक व्हिक्टर वूटनच्या हातातला त्यांचा ‘मोनार्क’ बेस त्याच वर्षीचा. बुटीक म्हटलं की लोकांना आधी तोच आठवतो.

आता फरक जिथे खरोखर कानाला लागतो तिथे येऊ: पाचवी तार. चार तारांच्या बेसची खालची ई साधारण ४१ हर्ट्झवर असते. पाचव्या तारेची खुली बी ३१च्या जवळ. इतक्या जाड, इतक्या सैल तारेला नेक जरा जरी सोबत थरथरू लागला, तर सूर आकार घेण्याआधीच विरतो. तारेची ऊर्जा लाकूड खातं. त्यात चार तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोचा, पाचवीने आणखी भर. म्हणून बरेच चांगले कारागीर नेक एका तुकड्यात करत नाहीत. मेपलच्या तीन किंवा पाच पट्ट्या, मध्ये वेगळ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या, आत ग्रॅफाइटच्या सळ्या. कोरून झाला की नेक काही आठवडे तसाच ठेवतात. लाकूड हलायचं तेवढं हलू देतात, मग पुन्हा सरळ करतात. कारखान्याला हे आठवडे परवडत नाहीत.

दुकानात हे तपासायला दोनच मिनिटं लागतात. बी तारेवर पाचव्या फ्रेटचा ई वाजवा, लगेच खुली ई वाजवा. स्वस्त बेसवर पहिला सूर रबरासारखा वाटेल, दुसरा तारेसारखा. दोन्ही एकाच घरचे वाटले तर बेस चांगला, मग किंमत काहीही असो. नंतर सर्वांत बारीक तारेवर, म्हणजे जी वर, चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर लांबवून ऐका. मध्येच एखादा पटकन मरतो. तो डेड स्पॉट. नेकची स्वतःची कंपनसंख्या त्या सुराशी जुळल्याने तो होतो, आणि लाखाच्या बेसवरही सापडतो. बुटीक कारागिरांना तो पूर्ण घालवता येत नाही. कडक नेकमुळे दबतो किंवा सरकतो, इतकंच.

पैशाचा हिशोब ढोबळमानाने करून बघा. एका बेसमागे माणसांचे सत्तर तास धरा. अमेरिकेतल्या मोठ्या शहरात भाडं, विमा, पगार मिळून तासाला साठ डॉलर धरा. झाले ४,२०० डॉलर. लाकूड, बार्टोलिनीसारख्या कंपनीचे पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबकं), प्रीअँप, ब्रिज (बॉडीवरची तारांची घोडी), खुंट्या यांचे हजार-दीड हजार. मध्ये दुकानदार असेल तर त्याचा वाटा. आठ हजारांचा आकडा आपोआप उभा राहतो, आणि कारागीर त्यात काही गब्बर होत नाही. कारखान्यात तोच आराखडा एकगठ्ठा कापला जातो, एकगठ्ठा रंगवला जातो. माणसाचा हात लागतो, पण त्या मानाने थोडाच वेळ.

‘हँडमेड’ या बिरुदाला मात्र फार भुलू नका. बहुतेक छोट्या वर्कशॉपमध्येही बॉडीचा पहिला काप संगणकावर चालणारं सीएनसी मशीनच घेतं, आणि फ्रेट समतल करायला जर्मन बनावटीचं प्लेक मशीन बरेच जण वापरतात. त्यात कमीपणा काहीच नाही. हात लागतो तो नेकची पाठ तासताना, फ्रेटची टोकं गोल करताना आणि शेवटच्या सेटअपला, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवताना. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवरून कानस किती वेळा फिरवतो, ते बसून पाहिलं असेल तर हे तास कुठे जातात ते वेगळं सांगावं लागत नाही. नेकच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं कुठे बोचतात का, एवढ्यावरून कोणी किती वेळ दिला ते कळतं.

लाकडाबद्दल मी जरा तिरका बोलणार. बुटीक बेसच्या फोटोत जे डोळे दिपवतं ते वरचं नक्षीदार लाकूड: लाटांसारखा मेपल, गाठींचं बर्ल. त्यावर शेकडो डॉलर वेगळे लागतात. प्लग-इन करून वाजवायच्या बेसमध्ये काही मिलिमीटरच्या या थराचा आवाजावर परिणाम मला तरी कधी ओळखता आलेला नाही. आवडतं म्हणून घ्या, आवाजासाठी नको. फिंगरबोर्डचा, म्हणजे नेकवर जिथे बोटं पडतात त्या पट्टीचा, मामला वेगळा, तिथे कायदाही आडवा येतो. ब्राझिलियन रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळपास बंद आहे. २०१७ मध्ये डाल्बर्जिया या रोझवूडच्या वंशातल्या सगळ्याच लाकडांवर परवान्यांचं बंधन आलं. त्यात आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसवही होता. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जगभरच्या गिटारांवर दिसणारा ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे हाच शिसव. ब्राझिलियन रोझवूडचा पर्याय मात्र कोणी देऊ केला तर कागदपत्रं न बघता हो म्हणू नका.

आपल्याकडची हवा हा तुलनेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. कोकण, मुंबई, गोवा इथे पावसाळ्यात लाकूड फुगतं, एसीत सुकतं, आणि नेकचा बाक दर ऋतूत बदलतो. ग्रॅफाइटच्या सळ्यांचा नेक कमी हलतो, पण हलतोच. ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळी) फिरवता येणारा चांगला माणूस ओळखीत असणं दोन्ही बेसना सारखंच गरजेचं. साठ हजारांच्या बेसवर काही हजार खर्चून नीट सेटअप करून घेतला, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि फ्रेट दुरुस्त केल्या, तर दोन टोकांमधलं अंतर अर्ध्याहून कमी होतं. असं वाद्य शेजारी ठेवून मगच बुटीक वाजवून बघा. पेटीतून काढलेल्या सायरची तुलना कारागिराने तासन् तास जुळवलेल्या फोडेराशी करणं अन्यायाचं आहे.

दुरुस्तीत आणि विक्रीत फॅक्टरीचा बेस सरळ जिंकतो. फेंडरच्या मापाचा पिकअप, ब्रिज, नेक सगळीकडे मिळतो. एखाद्या कारागिराचा खास प्रीअँप कार्यक्रमाच्या दिवशी बंद पडला तर पुण्यात त्याला कोण हात लावणार? आणि तुमच्या बोटांच्या मापाने, तुमच्या आवडीच्या रंगात केलेला बेस विकायला काढाल तेव्हा तशाच बोटांचा गिऱ्हाईक शोधावा लागतो. कस्टम बेस सेकंडहँडमध्ये घसरतात ते यामुळे.

मधली पायरी सॅडोव्स्कीच्या नावातच बघायला मिळते. २०२०च्या सुमारास त्याने वॉरविक या जर्मन कंपनीशी करार केला. तेव्हापासून साधारण एकाच आराखड्याचे बेस तीन दरांत मिळू लागले: चीनमध्ये बनलेला मेट्रोएक्स्प्रेस, जर्मनीतला मेट्रोलाइन आणि न्यूयॉर्कच्या वर्कशॉपचा. कागदावर आराखडा तोच, पैसे मात्र लाकडाच्या निवडीचे आणि तासांचे वाढत जातात. तिन्ही ओळीने वाजवायला मिळाले तर असा धडा दुसरा नाही.

मग कोणी काय घ्यावं? ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये किंवा बँडमध्ये चार तारांवर वाजवत असाल तर बुटीकचा विचार सोडा. फार तर अमेरिकेत बनलेल्या फेंडरपर्यंत जा, पावणेदोन-दोन लाखांत. पाच किंवा सहा तारांवर रोजीरोटी असेल, खांदा दुखतो म्हणून चार किलोच्या आतलाच बेस हवा असेल, किंवा दोन तारांमधलं अंतर १९ की १७ मिलिमीटर हवं याचं उत्तर झोपेतही देता येत असेल, तर ऑर्डर द्या. ते उत्तर अजून येत नसेल तर कारागीर काय विचारतोय तेच कळणार नाही, आणि तुमच्या पैशांनी त्याच्या आवडीचा बेस बनेल.

एक तिसरी वाट आहे, आणि माझा कल तिकडेच. दुसऱ्याने हौसेने बनवून घेतलेला, वर्षभरात विकायला काढलेला बुटीक बेस. अमेरिकेत असे बरेच निघतात, नव्याच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी दरात. न्यू जर्सीतला मावसभाऊ दिवाळीला येणार असेल तर त्याला दोन गोष्टी आधीच बजावा: तारा थोड्या सैल करून हार्ड केसमध्येच आणायचा, आणि खरेदीची पावती हँडबॅगेत ठेवायची. विमानतळावर कस्टम्सचा अधिकारी नव्या बेसची किंमत शोधून शुल्क लावायला निघाला, तर जुन्याचा भाव तिथे त्या पावतीवरूनच पटवावा लागेल.