असेंब्लीची सुरुवात: टीआय-८४ प्लस की प्लस सीई?

पुण्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे (टीआय) हे ग्राफिंग कॅल्क्युलेटर सहसा दोन वाटांनी हाती येतात. आयबी शाळेसाठी घेतलेला रंगीत प्लस सीई, नाहीतर अमेरिकेहून परतलेल्या कुणाकडचा जुना कृष्णधवल ८४ प्लस. असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देण्याची भाषा, दोन्हींवर शिकता येते.

कॉलेजात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं किट हाताळलं असेल, तर जुना पटकन जवळचा वाटतो. त्यातला झेड८० प्रोसेसर हाही ८०८५सारखाच ८०८०च्या घराण्यातला. नेमॉनिक्स (सूचनांची लघुनावं) निराळे, पण एमव्हीआय ए (ए रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, आकडा भरणं) याचा हेक्स कोड ३ई आणि रिटर्नचा सी९ जसाच्या तसा. पहिल्या प्रोग्रॅमला संगणकही लागत नाही. नवा प्रोग्रॅम उघडा, कॅटलॉगमधून एएसएमप्रोग्रॅम आणून पहिल्या ओळीत ठेवा, दुसरीत ईएफ४०४५, तिसरीत सी९. होम स्क्रीनवर येऊन तो एएसएम( ने चालवा, स्क्रीन पुसली जाते. ईएफ म्हणजे ८०८५चा आपला आरएसटी ५, ठरलेल्या पत्त्यावर उडी मारणारी सूचना. त्यामागे ४५४० हा स्क्रीन पुसणाऱ्या तयार रूटीनचा पत्ता, खालचा बाइट आधी, ८०८५च्या एलएक्सआय सूचनेत लिहितो तसाच.

सी९ विसरलात तर प्रोसेसर पुढच्या वाटेल त्या बाइटना सूचना समजून धावत सुटतो. कॅल्क्युलेटर गोठला तर एक सेल काढून पुन्हा बसवायचा. रॅम बहुधा पुसली जाते, म्हणून चाचणीआधी कामाचे प्रोग्रॅम अर्काइव्हमध्ये, म्हणजे रॅम पुसली तरी टिकणाऱ्या मेमरीत, टाका. आणखी एक मर्यादा: कोड मेमरीतल्या ९डी९५ या पत्त्याला सुरू होतो आणि सी०००च्या पुढे चालत नाही, म्हणजे ८८११ बाइट. शिकायला ते भरपूर आहेत. फाइल चढवायला जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची मिनी यूएसबी केबल पुरते.

सीईचा ईझेड८० प्रोसेसर कितीतरी वेगवान, स्क्रीन ३२० बाय २४० पिक्सेलची, सी भाषेतही लिहिता येतं, आणि सीईएमयू या एम्युलेटरमधला (संगणकावर चालणाऱ्या नकली सीईमधला) चुका शोधणारा डीबगर फार उपयोगी. गेम लिहिणं हाच हेतू असेल, तर कदाचित तोच बरा. पत्ते मात्र २४ बिटांचे, त्यामुळे जुन्या धड्यांतला कोड तसाच चालत नाही.

माझं मन जुन्याकडे वळलं ते वेगळ्याच कारणाने. २०२० पासूनच्या ओएस आवृत्त्यांमध्ये कंपनीने सीईवरची असेंब्ली बंद केली. कॅल्क्युलेटरमधल्या कॅब्री ज्युनियर या भूमितीच्या अ‍ॅपमधून वळसा घेणारं आर्टिफाइस हे साधन वापरलं की ती परत सुरू होते, आणि ते चांगलं चालतं. पण ज्याला अजून रजिस्टर म्हणजे काय ते नीट उमगलेलं नाही, त्याने आधी कुलूप उघडायला का शिकावं? शिवाय प्रोग्रॅम बिघडला की चूक आपल्या कोडची की त्या वळशाची, हा संशय नवख्याला छळतो. जुन्यावर चूक आपलीच असते आणि सापडते.

तरीही सीईच घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधी ‘सेकंड’ (2nd) कळ, मग अधिकची कळ दाबा आणि अबाउट निवडा. आवृत्ती ५.५च्या आतली असेल तर घ्या आणि संगणकाला जोडल्यावर ओएस अपडेट मात्र करू नका.